एक पवनचक्की, दोन हिशेब : सिन्नरच्या डोंगरावर अडलेले रीपॉवरिंग

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम कारखान्याच्या मालकीची सव्वा मेगावॅटची पवनचक्की सिन्नरच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात मार्च २००५ पासून उभी आहे. विश्रामगडावर, म्हणजेच पट्टा किल्ल्यावर, गेलेल्यांनी त्या बाजूच्या पठारांवरील पवनचक्क्या पाहिल्या असतील. हे यंत्र अशाच एका रांगेतले आहे. कारखान्याचे नाव आणि जागेचा गट नंबर येथे मुद्दाम दिलेला नाही, आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. महावितरणशी झालेला वीज खरेदी करार संपल्यावर या यंत्राचे काय करायचे, हा मालकापुढचा प्रश्न होता. ते आहे तसे चालवायचे, त्याची वीज सातपूरला आणून स्वतः वापरायची, की ते उतरवून त्या जागी मोठे यंत्र उभे करायचे, ज्याला या क्षेत्रात सगळे रीपॉवरिंग म्हणतात? वाऱ्याचा विचार केला तर तिसरा पर्याय निर्विवाद सरस आहे आणि केंद्राच्या धोरणात त्याला २०१६ पासून जागाही आहे. तरीही तोच सर्वांत जास्त अडला.

यंत्र घेतले तेव्हा वीज हा हेतू नव्हताच, असे म्हटले तरी चालेल. त्या काळी पवनचक्कीवर ८० टक्के वेगवर्धित घसारा, म्हणजे किमतीचा मोठा भाग सुरुवातीलाच करपात्र नफ्यातून वजा करण्याची सवलत, मिळत असे, आणि मार्चअखेरीस यंत्र चालू झाले तरी त्यातील निम्मा घसारा त्याच आर्थिक वर्षात पदरात पडे. चांगला नफा झालेल्या वर्षी चार्टर्ड अकाउंटंटच्या सल्ल्याने एक पवनचक्की घेणे ही तेव्हा नाशिक, पुणे, मुंबईच्या उद्योजकांमधील नेहमीची गोष्ट होती. डेव्हलपर कंपनी जमीन मिळवी, रस्ता काढी, उपकेंद्र बांधी, यंत्र उभारी आणि देखभालही करी. मालकाने फक्त पैसे गुंतवायचे आणि महिन्याच्या महिन्याला वीजबिलाचा धनादेश घ्यायचा. उत्पन्नाची बाजूही भक्कम होती. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने नव्या पवन प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर ठरवून दिला होता. या व्यवस्थेने राज्यात पवन ऊर्जा आणली, यात शंका नाही. मात्र तिनेच एका डोंगराची मालकी एकमेकांना कधी न भेटलेल्या अनेक गुंतवणूकदारांत वाटून टाकली. घसाऱ्याची सवलत एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. मालकीची ती वाटणी मात्र कायम राहिली.

करार मार्च २०१८ मध्ये संपला. तेराव्या वर्षी दर युनिटला ५ रुपये ३० पैसे होता. यंत्र वर्षाला सरासरी २२ लाख युनिट देते, म्हणजे शेवटच्या वर्षाचे उत्पन्न एक कोटी सोळा लाखांच्या आसपास. करार संपलेल्या पवनचक्क्यांच्या विजेला महावितरणकडून मिळणारा दर त्यानंतर अडीच रुपयांच्या आसपास होता. यंत्र तेच, वारा तोच, उत्पन्न मात्र निम्म्याहून कमी. शिवाय जुन्या मॉडेलचे सुटे भाग दुर्मीळ झाले होते आणि गिअरबॉक्सचे एक मोठे काम निघाले, तर वर्षभराची कमाई त्यातच जाणार होती.

वीज स्वतः वापरण्याचा पर्याय याच वेळी पुढे आला. कारखाना उच्चदाब ग्राहक असून त्याला महिन्याला सरासरी १ लाख ८० हजार युनिट लागतात, आणि सर्व आकार धरून औद्योगिक वीज त्या काळी युनिटमागे आठ-नऊ रुपयांच्या घरात जात होती. वहन आकार आणि वहनातील तूट मालकालाच सोसावी लागली, तरी अडीच रुपयांना वीज विकण्यापेक्षा ती स्वतः वापरणे कितीतरी फायद्याचे होते. कायद्याचीही अडचण नव्हती. विद्युत अधिनियम २००३ स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करण्याचा आणि ती वाहून नेण्याचा हक्क देतो. २००५ च्या नियमांप्रमाणे प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी आणि निर्मितीच्या किमान ५१ टक्के विजेचा स्वतः वापर, एवढे साधले की क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरापोटी बाहेरून वीज आणणाऱ्यावर बसणारा आकार, लागत नाही. अतिरिक्त अधिभारही स्वयंवापराला लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले.

मग अडले कुठे? कारखान्याची करार मागणी, म्हणजे महावितरणकडे नोंदवलेली कमाल गरज, होती ४५० केव्हीए (अर्ध्या मेगावॅटहूनही कमी), आणि ओपन ॲक्सेसची, म्हणजे महावितरणच्या तारांतून दुसरीकडची वीज आणण्याची, वाट राज्यात १ मेगावॅट व त्याहून अधिक मागणी असलेल्या ग्राहकांसाठीच होती. पवनचक्कीचा मालक असूनही तो तिची वीज घेण्याइतका मोठा नव्हता. ही अट कोणी पवन ऊर्जेच्या विरोधात केलेली नव्हती. ओपन ॲक्सेसची व्यवस्था मोठ्या ग्राहकांपुरती ठेवण्याच्या सर्वसाधारण विचारातून ती आली होती. जून २०२२ मध्ये केंद्राने हरित ऊर्जा ओपन ॲक्सेसचे नियम काढून ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली आणि स्वयंवापरासाठी ती काढूनच टाकली. राज्य आयोगाने आपल्या विनियमांत त्याप्रमाणे दुरुस्ती केली ती २०२३ मध्ये. पवन ऊर्जेच्या आडचा अडथळा म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल, तर करार संपल्यानंतरच्या या पाच वर्षांकडे पाहावे.

वाट मोकळी झाल्यावर मीटरचा प्रश्न निघाला. डोंगरावरील सर्व यंत्रांची वीज डेव्हलपरच्या उपकेंद्रात एकत्र येते, तेथे महावितरणचे अधिकारी आणि देखभाल कंपनीचा माणूस मिळून महिन्यातून एकदा जॉइंट मीटर रीडिंग घेतात, आणि त्या एकूण आकड्याची यंत्रनिहाय वाटणी एका तक्त्यावर होते. प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी लोखंडी दाराच्या आत एक पॅनेल आहे आणि त्यात यंत्राचे स्वतःचे मोजमापही दिसते, पण ते हिशेबासाठी ग्राह्य नाही. ओपन ॲक्सेसचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत होतो. त्यासाठी तशी नोंद ठेवणारे मीटर, उपकेंद्र वापरू देण्याबद्दल डेव्हलपरचे ना हरकत पत्र आणि वीज विक्रीचा जुना व्यवहार बंद झाल्याचे महावितरणचे पत्र, असे सगळे जमवावे लागले. यांपैकी कशालाही कोणी नकार दिला नाही. फक्त प्रत्येक पत्र आधीच्या पत्राची वाट पाहत होते.

आता बँकिंगकडे येऊ, कारण या प्रकरणातील सर्वांत बोलका हिशेब तेथे आहे. बँकिंग म्हणजे जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात सोडून तेवढे युनिट पुढे परत घेण्याची सोय. या यंत्राची वर्षाची निर्मिती सुमारे २१.९ लाख युनिट आणि कारखान्याचा वापर २१.६ लाख युनिट. वर्षाचा हिशेब मांडला तर जमा आणि खर्च जवळजवळ तंतोतंत जुळतात. पण महाराष्ट्रातला वारा पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत यंत्र सुमारे १४.२ लाख युनिट देते, आणि त्याच चार महिन्यांत कारखाना वापरतो ७.२ लाख. उरलेल्या आठ महिन्यांत निर्मिती ७.७ लाख आणि गरज १४.४ लाख. वर्षभराचे बँकिंग असते तर पावसाळ्यातील शिल्लक ७ लाख युनिट हिवाळ्या-उन्हाळ्यातील ६.७ लाखांच्या तुटीला पुरून उरले असते. आयोगाच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून मात्र बँकिंगचा हिशेब महिन्याच्या महिन्याला मिटतो. त्यामुळे निर्मितीतील जवळजवळ एक तृतीयांश वीज मालकाच्या कामी येत नाही. तेवढीच वीज मग तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत पूर्ण दराने विकत घेतो.

महावितरणची बाजूही पोकळ नाही. पावसाळ्यात शेतीपंप थंडावलेले असतात, विजेची मागणी उतरलेली असते आणि त्या दिवसांत आलेले युनिट मार्च-एप्रिलच्या महाग युनिटांच्या बदल्यात परत द्यायचे, तर तो भार इतर ग्राहकांवर पडतो. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराने सातपूरच्या कारखान्याची वीज स्वस्त का करावी, असे कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. तरीही सौर आणि पवन या दोघांना एकाच मासिक पट्टीने मोजणे चुकीचे आहे, असे माझे मत आहे. सौर वीज वर्षभर थोड्याफार फरकाने रोज येते, त्यामुळे तिला महिन्याची मुदत पुरते. वाऱ्याला हंगाम आहे. हंगामी बँकिंग देऊन त्याचा आकार मासिक बँकिंगपेक्षा जास्त ठेवणे, किंवा शिल्लक युनिटांना त्या महिन्याच्या बाजारभावाशी निगडित दर देणे, हे दोन्ही मार्ग खुले आहेत. यात कोणालाही फुकट काही मिळत नाही. उलट, सायंकाळनंतरच्या महाग तासांत सौर वीज नसते आणि पावसाळ्यातला वारा रात्रीही वाहतो, ही गोष्ट पवनचक्कीच्या बाजूने जमेस धरायला हवी.

रीपॉवरिंगचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जुन्या यंत्राच्या पात्यांच्या चक्राचा व्यास सुमारे ६४ मीटर आणि मनोऱ्याची उंची ६५ मीटर. आज जमिनीवरील प्रकल्पांत तीन मेगावॅटची, १४० मीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीच्या मनोऱ्याची यंत्रे सर्रास बसतात. उंचीवर वारा अधिक आणि स्थिर असतो, म्हणूनच राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने महाराष्ट्राची क्षमता १२० मीटर उंचीवर सुमारे ९८ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आणि १५० मीटरवर सुमारे १७४ गिगावॅट धरली आहे. प्रत्यक्षात राज्यात पाच गिगावॅटच्या थोडे वरच उभारणी झाली आहे, आणि त्यातही चांगल्या वाऱ्याच्या डोंगरमाथ्यांवर छोटी, जुनी यंत्रे ठाण मांडून आहेत. कड्यालगतच्या एका रांगेत दोन यंत्रांमध्ये व्यासाच्या पाचपट अंतर ठेवायचे म्हटले, तर जुन्यांत ३२० मीटर आणि नव्यांत ७०० मीटर लागते. म्हणजे ढोबळमानाने दोन जुन्यांच्या जागी एक नवे. दोन जुनी यंत्रे मिळून वर्षाला ४४ लाख युनिट देतात. एकटे नवे यंत्र साधारण ८७ लाख देऊ शकते. माथा तोच, यंत्रे निम्मी आणि वीज दुप्पट.

केंद्राचे पहिले रीपॉवरिंग धोरण ऑगस्ट २०१६ मध्ये आले. ते १ मेगावॅट व त्याहून लहान यंत्रांपुरते होते, म्हणजे सव्वा मेगावॅटचे हे यंत्र दारातच अडले. ज्यांना ते लागू होते त्यांचेही फारसे भले झाले नाही. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीइतकी वीज जुन्या कराराने आणि वाढीव वीज त्या वेळच्या निश्चित दराने घेतली जावी, अशी त्यात कल्पना होती; पण फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातील पहिला पवन लिलाव झाला, म्हणजे कमीत कमी दर सांगणाऱ्याला प्रकल्प मिळू लागला, दर ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैशांपर्यंत खाली गेला. निश्चित दराची पद्धतच मावळली. ज्या दरावर धोरण बेतले होते तो दर सहा महिन्यांत इतिहासजमा झाला, आणि धोरण मात्र आणखी सात वर्षे कागदावर तसेच राहिले.

डिसेंबर २०२३ च्या सुधारित धोरणाने दोन चांगल्या गोष्टी केल्या. २ मेगावॅटपेक्षा लहान यंत्रे त्याच्या कक्षेत आली, आणि अनेक मालकांची यंत्रे एकत्र करून एका विकासकाकरवी रीपॉवरिंग करण्याची कल्पना त्यात मान्य झाली. पूर्ण यंत्र न बदलता आयुष्य वाढवण्याचा मार्गही मोकळा झाला. पण एका मालकाने नाही म्हटले तर काय करायचे, याचे उत्तर या धोरणातूनही मालकांना मिळालेले नाही.

आपल्याकडे जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासात हाच पेच असतो. एखादा सभासद परदेशात, एखाद्याच्या वारसांचे भांडण, एखाद्याला जास्त जागा हवी. २०१९ च्या शासन निर्देशांनी निम्म्याहून अधिक सभासदांची संमती पुरेशी मानली, म्हणून नाशिकरोड काय किंवा गंगापूर रोड काय, इमारती निदान पाडल्या तरी जातात. डोंगरावरील पवनचक्क्यांच्या मालकांची सोसायटी नाही, बहुमताचा नियम नाही आणि अल्पमतात राहिलेल्याला योग्य मोबदला देऊन बाजूला करण्याची पद्धतही नाही. आपल्या कारखान्याच्या यंत्राशेजारचे यंत्र दुसऱ्या शहरातील एका व्यापारी कुटुंबाचे आहे. त्यांचा कारखाना नाही, उच्चदाब जोडणी नाही, आणि घसाऱ्याचा लाभ तर केव्हाच घेऊन झाला आहे. त्यांना अडीच रुपयांचे उत्पन्न पुरेसे वाटते आणि नव्या कर्जात पडण्याची इच्छा नाही. त्यांची भूमिका पूर्णपणे रास्त आहे, आणि तिच्यामुळे ७०० मीटरचा माथा अडून राहतो.

समजा, ते तयार झाले. मग स्वयंवापराचे गणित बदलते. ८७ लाखांच्या ५१ टक्के म्हणजे सुमारे ४४ लाख युनिट मालकांनीच वापरायला हवेत, आणि आपल्या कारखान्याचा सबंध वर्षाचा वापर २१.६ लाख आहे. मासिक हिशेबात तोही पूर्ण धरता येत नाही. म्हणजे अंबड, सिन्नर किंवा गोंद्याचे आणखी दोन-तीन कारखाने भागीदार म्हणून घ्यायचे, त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात त्यांचा वापर ठेवायचा आणि एखाद्या मंदीच्या वर्षी सगळे मिळून ५१ टक्क्यांच्या खाली गेले, तर त्या वर्षीचे अधिभार भरायची तयारी ठेवायची. बँकेचा अधिकारी कर्ज मंजूर करताना पहिला प्रश्न याबद्दलच विचारतो.

जागेवरचे अडथळे वेगळ्या जातीचे आहेत, आणि ते सगळेच काढून टाकण्याजोगे नाहीत. केंद्रीय मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्ता, इमारत आणि अतिउच्चदाब वाहिनी यांपासून मनोऱ्याची उंची, चक्राचा अर्धा व्यास आणि आणखी पाच मीटर, एवढे अंतर ठेवावे लागते. जुन्या यंत्राला त्या हिशेबाने १०२ मीटर पुरले असते, नव्याला २१५ मीटर लागतात. आवाजाच्या दृष्टीने वस्तीपासूनचे अंतर ५०० मीटर. यंत्र उभारले तेव्हा माथ्याच्या पायथ्याला कांदा आणि बाजरीची शेते होती. आता शेततळी झाली आहेत, मळ्यांवर पक्की घरे आली आहेत, आणि डेव्हलपरने पात्यांसाठी काढलेला रस्ता हाच वाड्या-वस्त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता झाला आहे. त्याच रस्त्याच्या वळणांवरून जवळजवळ ७० मीटर लांबीचे अखंड पाते न्यायचे, तर काही ठिकाणी शेताचे बांध तात्पुरते मोडावे लागतील. नव्या पायासाठी शेजारच्या गटातील जमीन लागली, तर औद्योगिक वापरासाठी शेतजमीन घेण्याची कुळकायद्यातील तरतूद उपलब्ध आहे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर आदिवासींची जमीन इतरांकडे जाण्यावर निर्बंध घालणारे महसूल संहितेचे कलम ३६अ आडवे येते, आणि ते यावेच. प्रत्येक अटीला अडथळा म्हणण्याची सवय विकासकांना लागली आहे. हे कलम त्या यादीत घालणे मला मान्य नाही.

उंचीचेही तसेच. जुन्या पात्याचे टोक ९७ मीटरवर थांबत होते, नव्याचे २१० मीटरवर जाईल. देवळालीचा तोफखाना आणि ओझरची धावपट्टी या भागात पूर्वीपासून आहेतच, आणि शिर्डीचे विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे यंत्र उभारल्यानंतर बारा वर्षांनी, सुरू झाले. त्यामुळे विमानतळ प्राधिकरण आणि संरक्षण खाते यांच्या ना हरकती नव्याने घ्याव्या लागतील. जुन्या मनोऱ्याच्या परवानगीचा येथे उपयोग नाही. पक्ष्यांबद्दल मात्र कोणी काही विचारणार नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत पवन प्रकल्प नाहीत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, श्रेणीत ठेवले आहे. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असलेल्या जिल्ह्यात एका यंत्राच्या पात्यांनी झाडलेले क्षेत्र जवळजवळ पाचपट वाढताना निदान एक वर्षाचे पक्षीनिरीक्षण मागायला हवे होते. येथे अट कमी आहे, हे विकासकांनीही मान्य करावे.

इंग्लंडचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. तेथे जून २०१५ मध्ये सरकारने जमिनीवरील पवनचक्क्यांसाठी दोन अटी घातल्या : जागा स्थानिक विकास आराखड्यात पवन ऊर्जेसाठी दाखवलेली हवी, आणि बाधित रहिवाशांच्या सर्व हरकतींचे निराकरण होऊन प्रकल्पाला त्यांचा पाठिंबा हवा. या अटी पुढे राष्ट्रीय नियोजन धोरणाच्या तळटीपेत राहिल्या, आणि एखाद्या रहिवाशाची हरकतही प्रकल्प थांबवू शकते अशी स्थिती झाल्याने नवी उभारणी जवळजवळ बंद पडली. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने सत्तेवर आल्यावर काही दिवसांतच त्या अटी काढून टाकल्या. तेथे अडथळा एका जागी होता, तो एका निर्णयाने निघाला. ग्रिड जोडणीची रांग त्यानंतरही उरलीच. महाराष्ट्रात पवन ऊर्जेला बंदी कधीच नव्हती, आणि म्हणून एका निर्णयाने उठवण्यासारखे काही नाही. येथे अडचण दोन नियमांच्या सांध्यात आहे : केंद्राचा नियम आणि राज्याचा विनियम यांच्यात, लिलावाचा दर आणि जुन्या कराराचा दर यांच्यात, वाऱ्याचा हंगाम आणि हिशेबाचा महिना यांच्यात. अशा सांध्यांची जबाबदारी कोणत्याच एका कार्यालयाकडे नसते. राज्याची ऊर्जा विकास संस्था महाऊर्जा धोरण राबवते, आयोग दर ठरवतो, महापारेषण जोडणी देते, जिल्हाधिकारी जमीन पाहतात, आणि मालक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो.

या प्रकरणात पुढे झाले ते असे. मालकाने रीपॉवरिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवून स्वयंवापराचा करार केला. मीटर बसले आणि यंत्राची वीज सातपूरच्या बिलात वजा होऊ लागली. मासिक बँकिंगचा तोटा कमी करण्यासाठी त्याने कारखान्यातील देखभालीची वार्षिक सुट्टी पावसाळ्यातून काढून जानेवारीत नेली, आणि भट्टीचे जास्त विजेचे काम जमेल तेवढे जुलै-ऑगस्टमध्ये घेतले. त्यातून शिल्लक युनिटांत काहीशी घट झाली, जी फार नाही. यंत्राचे आयुष्य वाढवण्यासाठी मनोरा, पाती आणि पाया यांची तपासणी करून घेण्याचे काम सुरू आहे. शेजारच्या कुटुंबाचे यंत्र ठरावीक किमतीला विकत घेण्याची बोलणी दोन्हीकडचे चार्टर्ड अकाउंटंट करत आहेत, आणि ती जमली तरच दोन जागा एकत्र करून महापारेषणकडे वाढीव जोडणीचा अर्ज करता येईल. उपकेंद्राच्या सध्याच्या रोहित्रावर तेवढी क्षमता शिल्लक आहे का, याचे उत्तर त्या अर्जानंतरच मिळणार आहे.